मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढताय? मग पुण्याच्या नायगमवालांची गोष्ट माहीत हवी

डिसेंबर-जानेवारीतली अमावास्येच्या आसपासची शनिवारची रात्र. कर्जत किंवा खालापूरकडच्या एखाद्या फार्महाऊसच्या मागे दुर्बीण लागलेली, शेजारी लॅपटॉप, लॅपटॉपवर ब्लँकेट. निशाणा मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर, म्हणजे सगळे ज्याला ओरायन नेब्युला म्हणतात त्यावर. पश्चिमेला पनवेल-नवी मुंबईचा उजेड आणि दक्षिणेला खोपोलीचा. तो उजेड कापायला कॅमेऱ्यासमोर एक फिल्टर लावला जातो. त्याचं नाव ओ-थ्री.

हा फिल्टर जवळपास फक्त एकाच हिरव्या रंगछटेचा प्रकाश आत सोडतो. १८९१ मध्ये याच हिरव्या प्रकाशावरून युरोप-अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ भांडत होते, आणि त्या भांडणात पुण्यातल्या एका प्रोफेसरांनी आपली साक्ष नोंदवली होती. कावसजी दादाभाई नायगमवाला हे त्यांचं नाव. खगोलशास्त्राच्या इतिहासात त्यांना मान आहे, पण पुण्याबाहेर सोडा, पुण्यातही किती जणांना ते माहीत असतील शंकाच आहे.

जन्म १८५७ चा, पारशी कुटुंबातला. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. १८७८ मध्ये भौतिक आणि रसायनशास्त्रात एम.ए. झाले आणि १८८२ मध्ये त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले. त्यांना हवी होती एक स्पेक्ट्रोस्कोपिक प्रयोगशाळा. स्पेक्ट्रोस्कोप म्हणजे प्रकाश फोडून त्याचे रंग वेगळे करणारं यंत्र. त्या रंगांतल्या रेषा पाहून प्रकाश कोणत्या मूलद्रव्यातून आला ते कळतं. पण पैसे कुठून आणायचे?

योगायोगाने भावनगरचे महाराज तख्तसिंहजी मुंबईत आले होते. त्यांनी ५००० रुपये दिले आणि तेवढीच भर मुंबई सरकारने घातली. १८८४ मध्ये नायगमवाला सामान आणायला इंग्लंडला गेले. तिथे त्यांची भेट झाली नॉर्मन लॉकयर यांच्याशी.

लॉकयर म्हणजे हेलियमवाले. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण दर ऑगस्टला व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड फिरतो की लॉकयर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला. तसं नाही. १८६८ मध्ये सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा त्यांनी इंग्लंडमध्ये बसून पाहिली. विजयदुर्गला ते आले १८९८ च्या ग्रहणाला.

तर इंग्लंडमधल्या जाणकारांनी नायगमवालांना सल्ला दिला की नुसती प्रयोगशाळा कशाला, वेधशाळाच काढा. डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची आरशाची दुर्बीण ठरली. दरम्यान नायगमवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. (हेच पुढे सीओईपी झालं.) म्हणजे कर्जतला मागून जादा इंजिन लागून बोरघाट चढणाऱ्या गाडीने पुण्याला. कॉलेजच्या आवारात १८८८ च्या सुमारास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली दुर्बीण तेव्हाची देशातली सगळ्यात मोठी.

एवढी मोठी दुर्बीण असली तरी खरी अडचण वेगळीच होती, आणि कर्जतच्या माळावरच्या मंडळींची अडचणही तीच आहे. आकाश थांबत नाही. पृथ्वी फिरते म्हणून तारा दर चार मिनिटांनी एक अंश सरकतो. पौर्णिमेच्या चंद्राएवढं अंतर दोन मिनिटांत पार! दुर्बीण जागेवर ठेवली तर फोटोत ताऱ्याची रेघ उमटते.

आज याच्यावर उपाय म्हणजे ऑटोगायडर. मोठ्या दुर्बिणीवर एक छोटी दुर्बीण आणि तिच्यामागे छोटा कॅमेरा. तो एकच तारा पकडतो आणि दर एक-दोन सेकंदांनी त्याचा फोटो घेतो. तारा किंचितही सरकला की लॅपटॉप दुर्बिणीच्या मोटरला सांगतो, एवढं मागे ये. यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचं नाव आहे पीएचडी. त्याचा अर्थ डॉक्टरेट नाही, ‘पुश हिअर डमी’, म्हणजे अरे बावळटा, इथे दाब. मुख्य कॅमेरा मात्र शून्याखाली थंड करून ठेवायचा, म्हणजे सेन्सरची खरखर कमी होते. मग तीन-तीन, पाच-पाच मिनिटांचे ढीगभर फोटो काढून ते एकावर एक रचायचे.

नायगमवालांच्या काळात मोटर नव्हती. वजन खाली उतरत जायचं आणि त्यावर चालणारं घड्याळयंत्र दुर्बीण फिरवायचं. ते कधी पुढे धावायचं, कधी मागे राहायचं. मग डोळा लावून बसलेल्या माणसाने बारीक स्क्रू फिरवत तारा जागेवर आणायचा. ऑटोगायडर तो माणूसच होता. अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, तो ५१ मिनिटांचा. स्पेक्ट्रोस्कोपवाल्याचं काम आणखी अवघड, कारण तेजोमेघाचा अंधुक उजेड केसाएवढ्या फटीवर धरून ठेवायचा.

आता ते भांडण. तेजोमेघाच्या प्रकाशात सगळ्यात ठळक एक हिरवी रेषा दिसते. ती कशाची, कुणालाच कळेना. लॉकयर यांचं म्हणणं होतं, तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे आणि ही रेषा तापलेल्या मॅग्नेशियमची. तसं असतं तर रेषा एका बाजूला पुसट होत गेलेली दिसली असती. इंग्लंडचे विल्यम हगिन्स विरोधात होते. नायगमवालांनी पुण्याच्या दुर्बिणीतून पाहिलं तर रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ, कापल्यासारखी. ज्या लॉकयर यांनी वाट दाखवली त्यांच्याच सिद्धांताच्या विरोधात जाणारं हे निरीक्षण त्यांनी १८९१ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. वसाहतीतल्या एका कॉलेजच्या प्रोफेसराने हे करणं सोपं नसणार.

रेषेचं कोडं सुटायला १९२७ उजाडलं. अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी दाखवलं की ती ऑक्सिजनची आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अति विरळ अवकाशात असा हिरवा प्रकाश देतो. ओ-थ्री म्हणजे तोच. नायगमवाला तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

त्यांचं दुसरं मोठं काम २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचं. छावणी पडली सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. (हे जेऊर करमाळा तालुक्यातलं, नगरकडच्या कर्जत तालुक्याच्या शेजारचं. रायगडच्या कर्जतशी गल्लत नको.) त्या काळात पुण्या-मुंबईकडे प्लेगने थैमान घातलं होतं. तरी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरलाच ४० फुटी कॅमेरा घेऊन आले. एवढा अजस्र कॅमेरा सूर्यामागे फिरवणार कसा? म्हणून कॅमेरा स्थिर ठेवून आतली काचेची प्लेटच घड्याळयंत्राने सरकवायची, अशी युक्ती. नायगमवालांच्या तुकडीने प्रभामंडळाचे आणि सूर्याच्या कडेच्या वर्णपटाचे फोटो घेतले. हातात होती सुमारे दोन मिनिटं. चुकलं तर पुन्हा संधी नाही, आणि फोटो आला की नाही हे प्लेट धुतल्यावरच कळणार. या ग्रहणाचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेतर्फे प्रसिद्ध झाला.

१९०० पासून ते वेधशाळेचे पूर्णवेळ संचालक होते. पण वेधशाळा त्यांच्यासाठी उभी राहिली होती, त्यामुळे त्यांच्यानंतर ती कोण चालवणार याची तजवीकच झाली नव्हती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळा बंद केली. २० इंची दुर्बीण आणि बाकीची उपकरणं तामिळनाडूतल्या कोडाईकनालच्या वेधशाळेला गेली. तिथे तिला भावनगर टेलिस्कोप म्हणू लागले. नावात महाराजांचं संस्थान राहिलं, पुणेही गेलं आणि नायगमवालाही.

निवृत्तीनंतर ते २६ वर्षं जगले. १९३८ मध्ये त्यांचं निधन झालं.