केतले : बीएमआयचं सूत्र देणारा माणूस डॉक्टर नव्हता

वजन काट्यावर पाहिलं, उंची मोजली, की डॉक्टर एक आकडा सांगतात : बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की तो मिळतो. पण हे सूत्र ज्यांच्या कामातून आलं, ते अडॉल्फ केतले गणितज्ञ होते. त्यांना कुणाची चरबी मोजायचीच नव्हती.

केतले यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1796 रोजी आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील गेले. घर चालवण्यासाठी त्यांनी सतराव्या वर्षीच गणित शिकवायला सुरुवात केली. 1819 मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर ते ब्रसेल्सला गेले. तिथे वेधशाळा उभारायची म्हणून 1823 मध्ये त्यांनी पॅरिस गाठलं आणि परतताना संभाव्यतेचं गणितही शिकून आले.

एकाच ताऱ्याची स्थिती अनेकदा मोजली तर आकडे थोडे वेगवेगळे येतात. त्यांची सरासरी खऱ्या स्थितीच्या जवळ असते. हीच रीत केतले यांनी माणसांना लावली. जन्म, मृत्यू, गुन्हे, उंची, वजन असं सगळं ते मोजत गेले. 1835 च्या ग्रंथात त्यांनी 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. प्रौढांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हेही त्यांनी दाखवलं.

1853 मध्ये ब्रसेल्सला पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली, त्यामागे केतले होते. 1855 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी काम सुरूच राहिलं. 17 फेब्रुवारी 1874 रोजी त्यांचं निधन झालं.

मग आशियाई शरीराचं काय?

1972 मध्ये अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी या सूत्राला बीएमआय हे नाव दिलं. पण हा आकडा चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही. 2004 मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के!

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी 25 च्या आधीच, 23 वर सावध होण्याचा टप्पा सुचवला. उंची 170 सेंटिमीटर आणि वजन 68 किलो असेल तर बीएमआय 23.5 येतो. जुन्या मोजमापात हा माणूस ठणठणीत, नव्या मोजमापात सावध राहायला हवा असा.

म्हणून सोबत टेपही हवी, कारण पोटाची चरबी काट्याला दिसत नाही. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा 90 सेंटिमीटर, तर स्त्रियांसाठी 80 मानतात. त्याहून सोपा ठोकताळा म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी.

केतले यांनी सरासरी शोधली ती समूहाची. दवाखान्यात मात्र एकच माणूस समोर बसलेला असतो.