विसापूरचे वि. स. पागे आणि आपल्या फडातला कोयता

कराड : दिवाळी झाली की आपल्या तालुक्यात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. रानात कोप्या दिसल्या की मला हटकून वि. स. पागे आठवतात. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा हा माणूस, पण नव्या पोरांना नाव फारसं ठाऊक नाही.

पागेंचा जन्म १९१० चा. वकिली शिकले, स्वातंत्र्य चळवळीत उतरले. १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. एवढ्या मोठ्या खुर्चीत बसूनही लक्ष मात्र सुगी संपल्यावर रिकाम्या बसणाऱ्या मजुराकडं. अंगात ताकद आहे, पण काम नाही, म्हणून माणूस गाव सोडतो. ते काम सरकारनं गावातच द्यावं, असा त्यांचा साधा हिशेब. १९६५ ला विसापूर भागात त्याचा प्रयोग झाला. पुढं १९७२ चा दुष्काळ पडला आणि लाखो माणसं खडी फोडायला, बंधाऱ्यावर गेली. म्हाताऱ्यांना ती सुकडी अजून आठवते.

१९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातली मजुरी भागवायची, ही त्यातली खुबी. बाईला गड्याइतकाच दर, कामावर पाणी, सावली, लेकरांना पाळणाघर. २००५ ला देशाचा कायदा झाला तो याच वाटेनं. पागे १९९० लाच गेले होते.

मग टोळ्या अजून का येतात? रोजगार हमीची मजुरी रखडत मिळते, मुकादमाची उचल एकरकमी हातात पडते. लग्न, दवाखाना त्यावरच निघतो. ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून ताप असो, पाळी असो, बाई फडात. २०१९ ला सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात पाहणी केली, तर ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. लेकरू पाचटाच्या सावलीला. पागेंचं पाळणाघर फडापर्यंत आलंच नाही.

गेल्या हंगामात माझ्याच रानात दिवस भरत आलेली एक बाई मोळ्या वाहत होती. ऊस वाळतोय म्हणून तोडीसाठी मुकादमाच्या मागं मीच लागलो होतो. आरोग्य केंद्र चार किलोमीटरवर. तिला रस्ता माहीत नव्हता आणि मीही सांगितला नाही. गाडी भरल्यावर चहा दिला, तेवढाच.