नाव बदललं, पण...

लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. माझंही असंच बदललं होतं. माहेरची मी सासरी येताना कुठेतरी सांडून आले, असं पहिली दोनतीन वर्षं वाटायचं. मग सवय झाली. तुमच्यापैकी किती जणींना हे ओळखीचं वाटेल, ते मला न विचारताच कळतं!

आज जिच्याबद्दल लिहायला बसले आहे तिचंही नाव लग्नात बदललं. माहेरचं नाव स्वरूपकुमारी नेहरू. १९२१ मध्ये रणजित सीताराम पंडित यांच्याशी लग्न झालं आणि ती झाली विजयालक्ष्मी पंडित. रणजित हे वकील आणि संस्कृतचे गाढे अभ्यासक. त्यांचं घराणं मूळ कोकणातलं, म्हणजे तशा त्या आपल्याच सूनबाई! एवढं नातं असूनही शाळेच्या पुस्तकात आपल्याला त्या फक्त पंडित नेहरूंची बहीण म्हणून भेटतात. एक ओळ, एक फोटो, संपलं.

जन्म १८ ऑगस्ट १९०० चा, अलाहाबादचा. भाऊ जवळजवळ अकरा वर्षांनी मोठा. घरात श्रीमंती उतू जात होती, पण मुलगी शाळेत कधी गेलीच नाही. घरीच इंग्रज बाई शिकवायला. डिग्री नाही, कॉलेज नाही. भाऊ मात्र इंग्लंडला शिकून बॅरिस्टर होऊन आला. मोतीलालजींसारख्या सुधारक माणसाच्या घरात हे असं, मग बाकीच्यांचं काय बोलायचं!

पुढे चळवळ, तीनदा तुरुंग, तीन मुली. १९३७ मध्ये संयुक्त प्रांतात त्या स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य खात्याच्या मंत्री झाल्या. आपल्या देशात बाईच्या हातात मंत्रिपद येण्याची ती पहिलीच वेळ.

मला त्यांच्या आयुष्यात सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते १९४४ पाशी. रणजित तुरुंगात आजारी पडले, सुटून आले आणि १४ जानेवारीला, ऐन संक्रांतीच्या दिवशी गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. पदरी तीन मुली, मुलगा नाही. सासरच्या नात्यातून मालमत्तेवर हक्क सांगितला गेला आणि त्या काळच्या कायद्यात मुलगा नसलेल्या विधवेची बाजू लंगडी. मोठ्या दोघी मुली अमेरिकेत शिकत होत्या. भाऊ अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत, भेटायचीसुद्धा सोय नाही. ज्यांच्या घरी राजवाड्यासारखं आनंदभवन, त्या बाईंना पैशाचं टेन्शन! माझ्या एका मावशीचं असंच झालं होतं. तिला तर वकीलसुद्धा परवडला नाही. हिंदू वारसा कायदा आला १९५६ मध्ये. तोवर अशा किती जणी दिराजावेच्या दारात उभ्या राहिल्या असतील, त्यांची मोजदाद कोणी ठेवली?

विजयालक्ष्मी त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेला गेल्या. मुलींना भेटणं झालंच, पण भाषणांचा सपाटाही लावला. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रसंघाची घटना तयार होत होती. भारताचं शिष्टमंडळ इंग्रज सरकारने नेमलेलं. या बाईंना आत जागा नव्हती. त्या बाहेर राहून सभा आणि पत्रकार परिषदा घेत राहिल्या, की आत बसलेली मंडळी भारताची नव्हेत. गळ्यात कुठला बिल्ला नाही, हातात सरकारी कागद नाही.

आणि पुढच्याच वर्षी त्या आत होत्या, भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून! १९४६ चा मुद्दा होता दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा. आपण अजून स्वतंत्रही झालो नव्हतो, आणि समोर जनरल स्मट्स. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रस्तावनेला हात लावलेला माणूस. हा आमच्या घरातला प्रश्न आहे, बाहेरच्यांनी बोलू नये, असं त्यांचं म्हणणं. (बायकोला मारणारे नवरेही शेजाऱ्यांना हेच सांगतात, नाही का?) मतदान झालं ८ डिसेंबरला. बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन तृतीयांश मतं हवी होती, ती जेमतेम मिळाली. अमेरिका आणि ब्रिटन विरोधात, रशिया बाजूने. निघताना गांधीजींनी त्यांना बजावलं होतं, की जिंका किंवा हरा, पण मनात कडवटपणा ठेवू नका. म्हणून जिंकल्यावर त्या आपणहून स्मट्स यांच्याजवळ गेल्या आणि आपल्याकडून कुठे तोल सुटला असेल तर माफ करा म्हणाल्या. म्हाताऱ्याने सांगितलं, की हा विजय पोकळ आहे, यामुळे पुढच्या निवडणुकीत मी पडेन आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही. १९४८ मध्ये ते खरोखर पडले आणि त्यांच्याहून कडवे लोक वर्णभेदाचं राज्य घेऊन आले.

मग सुरू झाली ती तारेवरची कसरत. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे रशिया. भारत कोणाच्याच गोटात जाणार नाही, असं नेहरूंनी ठरवलेलं. ठरवणं दिल्लीत होतं, निभावणं मात्र बहिणीच्या वाट्याला आलं. दोन भांडणाऱ्या जावांच्या मध्ये राहून दोघींकडे हळदीकुंकवाला जायचं आणि कोणाचीच नाराजी घ्यायची नाही, यातला ताप आपल्याला कोणी समजावून सांगायला नको!

१९४७ मध्ये मॉस्कोला पहिल्या राजदूत म्हणून गेल्या. तिथे त्यांना स्टॅलिन एकदाही भेटला नाही. त्यांच्यानंतर गेलेल्या राधाकृष्णन यांना भेटला. इकडे आपल्याकडे चर्चा कसली, तर बाईंनी वकिलातीसाठी स्टॉकहोमहून महागडं सामान आणलं म्हणे! युद्धाने उजाड झालेल्या गावात खुर्च्या तरी मिळत होत्या का, हे कोणी विचारलं नाही. १९४९ मध्ये वॉशिंग्टन. तिथे पुढच्या वर्षी दुष्काळाचं सावट आलं आणि भारताला वीस लाख टन धान्य हवं झालं. कोरियात युद्ध पेटलेलं, भारत आपल्या मागे येत नाही म्हणून अमेरिकेचे खासदार रागावलेले. गहू मागायचा, पण मान खाली घालायची नाही. महिनोन्‌महिने चर्चा चालली. अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. फुकट मदत नव्हे, कर्ज.

याच काळातली एक गोष्ट मला कित्येक वर्षं माहीत नव्हती. ऑगस्ट १९५० मध्ये त्यांनी भावाला कळवलं, की सुरक्षा परिषदेतली चीनची जागा भारताला द्यावी असं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात घाटत आहे. नेहरूंनी नको म्हटलं. ती जागा चीनची, ती आपण घेतली तर शेजाऱ्याशी कायमचं वैर होईल. १९५२ मध्ये सदिच्छा मंडळ घेऊन त्या चीनला गेल्या, माओंना भेटल्या आणि बऱ्याच भारावून परतल्या. तिबेटात चिनी फौजा तोवर शिरल्या होत्या. इथे मला त्यांचा राग येतो. खरंच येतो. पाहुणचाराला भुलायची बाई ती नव्हती, मग तिबेट का दिसलं नाही? पण १९५० चा तो नकार मला मूर्खपणा वाटत नाही. ती जागा असं कोणी उचलून दिली नसती, रशियाने ते होऊ दिलं नसतं, आणि आपण मात्र दोन्ही पाटलांच्या भांडणात सापडलो असतो. हे माझं मत. तुमचं वेगळं असेल तर जरूर कळवा.

१९५३ मध्ये त्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या, जगातली पहिली स्त्री. त्याच महिन्यात कोरियात मायदेशी जायला तयार नसलेल्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांची जबाबदारी आपल्या जनरल थिमय्या यांच्या आयोगावर आली. दोन्ही महासत्तांना मधला माणूस म्हणून भारतच चालला! मग १९५४ ते १९६१ लंडन. १९५६ मध्ये सुएझवरून आपण ब्रिटनला जोरात सुनावलं, आणि हंगेरीत रशियन रणगाडे शिरले तेव्हा आपला आवाज बसला. लंडनमध्ये त्याची उत्तरं विजयालक्ष्मींना द्यावी लागली.

आमच्या घरी त्यांचं नाव आलं ते १९६२ मध्ये. मी सात वर्षांची. युद्ध थांबलं २१ नोव्हेंबरला आणि २८ ला त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. यशवंतराव नुकतेच संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेलेले. गावोगाव बायका संरक्षण निधीला दागिने देत होत्या. आईने हातातल्या दोन पाटल्यांपैकी एक काढून दिली. साबण लावून काढली, मनगट लाल झालं होतं. वर्तमानपत्रात राज्यपालबाईंचा फोटो बघून ती वडिलांना म्हणाली होती, की चीनशी गोडी करणाऱ्यांतल्याच ना या. वडील काही बोलले नाहीत. आई चौथी शिकलेली, पण पेपर रोज वाचायची.

१९६४ मध्ये नेहरू गेले. विजयालक्ष्मी राज्यपालपद सोडून भावाच्याच फुलपूरमधून लोकसभेवर निवडून आल्या. पण भाचीच्या राजवटीत त्यांना फारसं स्थान उरलं नाही. १९६८ मध्ये राजीनामा देऊन डेहराडूनला राहायला गेल्या.

१९७७ मध्ये सत्त्याहत्तरीकडे झुकलेल्या या बाई पुन्हा घराबाहेर पडल्या, आणीबाणीविरुद्ध बोलायला. म्हणजे सख्ख्या भावाच्या मुलीविरुद्ध! प्रचारसभांतून फिरल्या. तेव्हा आईने त्यांचं भाषण पेपरात पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि मला म्हणाली, हे मात्र सोपं नाही हो. तेव्हा तिच्या हातात एकच पाटली होती. दुसरी तिने कधी केली नाही.

१ डिसेंबर १९९० रोजी विजयालक्ष्मी पंडित डेहराडूनला वारल्या. आई त्याच्या आधी तीन वर्षं गेली होती, नाहीतर मी तिला पेपर वाचून दाखवला असता.