जॉन हेन्री स्टील

जॉन हेन्री स्टील (इ.स. १८५५ – जानेवारी, इ.स. १८९१) हे ब्रिटिश पशुवैद्य, ग्रंथकार आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे संस्थापक-प्राचार्य होते. घोडे व खेचरे यांना होणाऱ्या सर्रा या प्राणघातक रोगावरील संशोधनासाठी ते मुख्यतः ओळखले जातात. त्यांचे भारतातील वास्तव्य जेमतेम नऊ वर्षांचे. या अवधीत त्यांनी पशुवैद्यकाचे एक नियतकालिक चालवले, एका वादग्रस्त शोधाला आधार दिला आणि पुढे महाराष्ट्रभर पसरलेल्या पशुवैद्यकीय शिक्षणाचा पाया घातला.

शिक्षण व आरंभीची कारकीर्द

स्टील यांचे वडीलही पशुवैद्य होते. स्टील यांनी लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातून शिक्षण पूर्ण केले व काही काळ तेथेच अध्यापन केले. घोड्याच्या शरीररचनेवरील त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांच्या आसपास होते.

त्या काळी इंग्लंडमध्ये पशुवैद्यक म्हणजे प्रामुख्याने अश्ववैद्यक, आणि अश्ववैद्यक म्हणजे बहुतांशी पायांचे वैद्यक. पायाने अधू झालेला घोडा मालकाच्या दृष्टीने कुचकामी ठरत असल्याने खूर, कंडरा, सांधे व नाल यांच्या अभ्यासाला सर्वाधिक महत्त्व होते. स्टील यांनी ही चौकट लवकरच ओलांडली. १८८१ मध्ये त्यांनी गुराढोरांच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे हत्ती (१८८५), कुत्रा (१८८८), मेंढी व उंट (दोन्ही १८९०) यांच्या रोगांवरही त्यांची पुस्तके निघाली. सहा निरनिराळ्या प्राण्यांवर चौदा वर्षांत सहा ग्रंथ, तेही लष्करी चाकरी आणि प्राचार्यपद सांभाळून, हा त्यांचा व्यासंग असाधारण म्हटला पाहिजे.

मद्रास येथील कार्य

लंडनमधील अध्यापन सोडून स्टील लष्कराच्या पशुवैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि १८८२ मध्ये भारतात आले. त्याच सुमारास मद्रास येथे फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्यासह त्यांनी भारतातील पशुवैद्यकाला वाहिलेले एक त्रैमासिक सुरू केले. दूरच्या छावण्यांत एकेकटे काम करणाऱ्या लष्करी पशुवैद्यांना आपली निरीक्षणे मांडण्यासाठी त्यामुळे हक्काची जागा मिळाली. स्मिथ हे पुढे लष्करी पशुवैद्यकीय सेवेच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचले. खोगिरामुळे घोड्याच्या पाठीला होणाऱ्या जखमांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे.

सर्रा रोगाचे संशोधन

सर्रा झालेल्या घोड्याला अधूनमधून ताप येतो. भूक बहुधा शाबूत असते, वैरण पोटात जाते, तरीही जनावर दिवसेंदिवस खंगते. पाय व पोटाखालचा भाग सुजतो, रक्त कमी होते, मागचे पाय लटपटू लागतात आणि उपचार न मिळाल्यास घोडा बहुधा दगावतो. बाहेर जखम नाही, पाय अधू नाही, खाणेपिणे चालू आहे, अशा स्थितीत दोष चाऱ्याला, पाण्याला किंवा हवेला दिला जाई.

१८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला पंजाबच्या सरहद्दीवरील डेरा इस्माइल खान येथे आजारी घोडे व उंट यांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्मजीव आढळले. हेच रोगाचे कारण असल्याचे त्याने मांडले. वरिष्ठांनी मात्र ते मान्य केले नाही. तसेच दिसणारे जीव टिमथी लुईस यांना त्यापूर्वी धडधाकट उंदरांच्या रक्तात सापडले होते. उंदराला निरुपद्रवी असलेला जीव घोड्याला कसा मारील, हा आक्षेप त्या काळाच्या ज्ञानाला धरून होता. तरी त्याची किंमत मोठी होती, कारण कारणच अमान्य झाल्यावर रोगी जनावरे वेगळी काढण्याचा प्रश्नच उरत नव्हता.

१८८५ मध्ये ब्रह्मदेशातील लष्करी वाहतुकीची खेचरे एका अज्ञात रोगाने मरू लागली आणि चौकशीचे काम स्टील यांच्याकडे आले. त्यांना खेचरांच्या रक्तात इव्हान्सने वर्णिलेलेच जीव दिसले. रोगी जनावराचे रक्त निरोगी जनावराच्या शरीरात घातल्यास रोग जडतो, हेही त्यांनी प्रयोगाने पाहिले. ताप चढतो तेव्हा रक्तात जीवांची दाटी होते, ताप उतरल्यावर ते दिसेनासे होतात आणि पुढच्या तापाबरोबर पुन्हा प्रकटतात, हे निरीक्षण त्यांच्या अहवालाचा गाभा आहे.

या निरीक्षणावरून काढलेला एक निष्कर्ष मात्र चुकला. माणसाला होणाऱ्या उलटत्या तापाचे जंतूही असेच येत-जात असल्याने स्टील यांनी सर्रा हा घोड्यांचा उलटता तापच मानला, त्याच्या जंतूला सर्पिल जंतूंच्या वर्गात घातले आणि इव्हान्सच्या सन्मानार्थ त्याचे नाव ठेवले. प्रत्यक्षात तो शेपटीसारखा तंतू असलेला एकपेशीय परजीवी आहे. वंशाचे नाव नंतर बदलत जाऊन ट्रिपॅनोसोमा झाले, पण त्यापुढील इव्हान्सचे नाव आजतागायत कायम आहे. वर्गीकरणातील या चुकीमुळे स्टील यांचे श्रेय कमी होत नाही, कारण रक्तातील जीव आणि रोग यांचा संबंध त्यांनीच दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या जनावरांत पडताळून दाखवला. रोगाचा प्रसार टॅबॅनस वंशातील रक्तशोषक घोडमाश्या करतात, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये प्रयोगाने दाखवले.

मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय

पुण्यात १८६२ पासून लष्करी पशुवैद्यकीय शाळा होती. सर्वसामान्यांच्या जनावरांसाठी शिक्षित वैद्य तयार करणारी संस्था मात्र मुंबई इलाख्यात नव्हती. उद्योगपती सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावे परळ येथे उभारलेल्या बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालयाच्या आधाराने २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. येथून बाहेर पडलेले पदवीधर जी.बी.व्ही.सी. ही अक्षरे नावापुढे लावत.

रुग्णालयाशेजारी महाविद्यालय असण्याचा लाभ मोठा होता, कारण मुंबई तेव्हा घोड्यांच्या पायांवर चालत होती. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ट्रामसाठी कंपनीने प्रथम ९०० घोडे ठेवले होते. १९०५ मध्ये घोड्यांची ट्राम बंद झाली तेव्हा त्यांची संख्या १३६० होती. अरबस्तान व इराणच्या आखातातून आलेले अरबी घोडे आणि ऑस्ट्रेलियातून आलेले वेलर घोडे याच बंदरात उतरत. त्यांपैकी काही लष्करात, काही शर्यतीत, तर काही व्हिक्टोरियाला जुंपले जात.

दुखापतीचे स्वरूप घोड्याच्या कामावर ठरते. शर्यतीच्या घोड्याची पुढच्या पायाची कंडरा भरधाव वेगात ताणली जाते किंवा तुटते. दगडी रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या घोड्याचे खूर आणि खुरालगतचे सांधे सततच्या हादऱ्यांनी बिघडतात, तर जोत व पट्टे घासून त्याच्या खांद्यावर घट्टे व जखमा होतात. लष्करातील स्वारीच्या घोड्याची पाठ खोगिराखाली सोलवटते, आणि ओझ्याच्या खेचराची वशिंडाजवळची जखम चिघळून हाडापर्यंत जाते. नाल ठोकताना खिळा चुकला तर पायाने धड असलेला घोडाही लंगडू लागतो. यांतील बऱ्याच गोष्टी त्या काळी नालबंद व सालोत्री यांच्या हाती असत. त्यांचा अनुभव दांडगा असला तरी डाग देणे व रक्त काढणे यांवर त्यांची मोठी भिस्त होती.

घोड्याचा कोणता दोष कामामुळे आला आणि कोणता आईबापांकडून, हा प्रश्न त्या दशकात विशेष चर्चेत होता. इंग्लंडमध्ये १८८७ मध्ये नेमलेल्या अश्वपैदास आयोगाने श्वासाची घरघर, मोतीबिंदू, खुरालगतची हाडवाढ, खुरातील नॅव्हिक्युलर हाडाचा विकार अशा दोषांना आनुवंशिक मानून असे वळू पैदाशीस अपात्र ठरवले. मेंडेलचे संशोधन तेव्हा विस्मृतीत होते, त्यामुळे या यादीमागे अनुभवाचाच आधार होता. आजच्या ज्ञानानुसार त्यांतील अनेक विकारांत वंश आणि श्रम या दोहोंचा वाटा असतो. याउलट अरबी घोड्यांत शिंगराला जन्मतः रोगप्रतिकारशक्तीच नसण्याचा जो विकार आढळतो, तो निखळ आनुवंशिक आहे. नर व मादी दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील तरच तो शिंगरात उतरतो, आणि असे शिंगरू काही महिन्यांत कोणत्या तरी संसर्गाने दगावते. हा विकार १९७३ मध्ये प्रथम वर्णिला गेला. एकोणिसाव्या शतकातील वैद्याला असे शिंगरू निव्वळ संसर्गाचा बळी वाटले असते.

मृत्यू

१८९० मध्ये स्टील यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यानंतर थोड्याच काळाने, जानेवारी १८९१ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांचे वय पस्तीसच्या आसपास होते आणि महाविद्यालयाला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

मराठवाड्यातील संदर्भ

स्टील यांच्या हयातीत नांदेड व लातूर हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणजे मुंबई इलाख्याच्या बाहेर. मात्र घोड्यांची परंपरा तेथे जुनी आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे आजही सांभाळले जातात व मिरवणुकीत मानाने चालतात. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे, गाढवे व उंट यांचा मोठा बाजार भरतो. लांबलांबच्या गावांतील जनावरे एकत्र बांधली जातात तेथे सर्रा, ग्लँडर्स यांसारख्या रोगांची दक्षता महत्त्वाची ठरते. लंगडा पाय खरेदीदाराला चालवून पाहिल्यावर दिसतो. रक्तातला परजीवी मात्र ताप नसलेल्या दिवशी सूक्ष्मदर्शकालाही हुलकावणी देऊ शकतो.

पशुवैद्यकीय शिक्षण मराठवाड्यात पोहोचण्यास बराच काळ लागला. परभणीचे महाविद्यालय १९७२ मध्ये आणि लातूर जिल्ह्यातील उदगीरचे १९८७ मध्ये स्थापन झाले. ही दोन्ही महाविद्यालये आणि मुंबईचे जुने महाविद्यालय आज नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

नंतरचे संशोधन व स्मृती

ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा परजीवी माणसाला बाधत नाही, असा समज शंभराहून अधिक वर्षे टिकून होता. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला. पुढील तपासणीत असे आढळले की, या परजीवीला मारणारे एपीओएल-१ हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते. ते तयार करणाऱ्या जनुकाच्या आईवडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष होत्या. लुईसच्या उंदरांना जो आक्षेपाचा आधार बनवले गेले होते, त्याचेही उत्तर याच दिशेचे आहे, कारण एखादा परजीवी कोणाला मारील आणि कोणाला नाही, हे पुष्कळदा यजमानाच्या जन्मजात घडणीवर अवलंबून असते.

स्टील यांच्या स्मरणार्थ ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या संस्थेने स्मृतिपदक सुरू केले. ज्यांच्या शोधाची स्टील यांनी ब्रह्मदेशात पाठराखण केली होती, त्या ग्रिफिथ इव्हान्स यांनाही ते वृद्धापकाळी मिळाले. इव्हान्स १९३५ मध्ये, वयाची शंभरी गाठून निवर्तले.