छपन्नाव्या वर्षी नवा डाव

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला गणपतीतला हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. पाश्चात्त्य संगीतातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा वेगळा. तिथे साठ-सत्तर, कधी शंभर वादक असतात आणि त्यांच्यासमोर हातात छोटी काडी घेतलेला एक माणूस. तो स्वतः काहीच वाजवत नाही, पण कुणी कधी सुरू करायचं, किती जोरात वाजवायचं, हे तोच ठरवतो. त्याला म्हणतात कंडक्टर. या क्षेत्रात झुबिन मेहतांचं नाव जगभर झालं. त्यांचे वडील मेहली मेहता मात्र आपल्याला फारसे माहीत नाहीत.

मेहलींचा जन्म १९०८ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. व्हायोलिन ते बरंचसं स्वतःच्या हिमतीवर शिकले. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वादक जमवणं हीच मोठी कसरत. कुणी गोव्याचे, तर कुणी नौदलाच्या बँडमधले. घरात रोज तालमी चालायच्या. छोटा झुबिन त्या ऐकतच वाढला.

एवढं नाव झाल्यावर दुसरा कुणी निवांत बसला असता. पण आपलं शिक्षण अपुरं आहे, हे मेहलींना आतून डाचत होतं. महायुद्ध संपलं आणि ते न्यूयॉर्कला इव्हान गलामियन या गुरूंकडे विद्यार्थी म्हणून गेले. तेव्हा पस्तिशी उलटून गेलेली, घरी बायको आणि दोन लहान मुलं!

१९५५ मध्ये ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात रुजू झाले. कंडक्टर होते जॉन बार्बिरोली, इटालियन वडिलांचे चिरंजीव. न्यूयॉर्कमध्ये थोर इटालियन कंडक्टर तोस्कानिनींची जागा त्यांनीच घेतली होती. मुंबईत आपला ऑर्केस्ट्रा चालवणारे मेहली आता दुसऱ्याच्या इशाऱ्यावर वाजवत होते. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला चौघांच्या वादकसंचातही त्यांनी काही वर्षं काढली.

खरी इनिंग त्यानंतरची. १९६४ मध्ये, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये तरुण वादकांचा अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केला. तुमच्याच वयाची पोरं-पोरी तिथे शिकली आणि पुढे मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांत गेली. तीसहून जास्त वर्षं, नव्वदीला टेकेपर्यंत मेहली त्यांच्यासमोर उभे राहिले. २००२ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

पंचविशीतच ‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्या मित्राला हा हिशोब एकदा सांगाच.