जिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, ते भरतपूर सलीम अलींमुळे वाचलं

१२ नोव्हेंबर १९३८. भरतपूरच्या महाराजांकडे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो पाहुणे आले होते. त्यांच्यासाठी केवलादेवच्या पाणथळीवर शिकारीचा बेत ठेवला होता. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

योगायोग बघा, त्याच दिवशी मुंबईच्या सलीम अलींना ४२ वर्षं पूर्ण होत होती. पुढे ही पाणथळ वाचवण्यासाठी हाच माणूस उभा राहिला.

खरं तर सलीम अलींची सुरुवातही बंदुकीनेच झाली होती. आईवडील लवकर गेल्यामुळे ते गिरगावातल्या खेतवाडीत मामांकडे वाढले. लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. तिथे जतन करून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह पाहून त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

वाट मात्र सोपी नव्हती. कॉलेज अर्धवट सुटलं, मुंबईच्या म्युझियममधली नोकरी गेली. १९३० मध्ये त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम ठोकला आणि सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. नेहरूंनी तुरुंगात असताना हे पुस्तक इंदिरा गांधींना दिलं होतं.

याच ओळखीचा पुढे पक्ष्यांना उपयोग झाला.

स्वातंत्र्यानंतर भरतपूरची पाणथळ कोरडी करून तिथे शेती करावी, अशी मागणी जोर धरू लागली. जमिनीची गरज खरी होती. पण ते पाणी आटलं असतं तर हजारो मैलांवरून येणारे पक्षी कुठे उतरणार? सलीम अलींनी हा प्रश्न थेट नेहरूंपर्यंत नेला आणि पाणथळ वाचली.

प्रत्येक वेळी त्यांचं ऐकलं गेलं असं मात्र नाही. राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाची निवड व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. मोराला संरक्षणाची तेवढी गरज नव्हती, माळढोक मात्र संपत चालला होता. तरी १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मिरजेहून ईशान्येला पंढरपूर ओलांडून गेलं की सोलापूरची माळरानं लागतात. १९७९ मध्ये तिथे माळढोक अभयारण्य झालं, पण आज महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ दिसेनासा झालाय.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यानंतर केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरणाचा घाट घातला गेला. तिथल्या लोकांनी मोठं आंदोलन उभं केलं. सलीम अलींनीही आपलं वजन जंगलाच्या बाजूने टाकलं. अखेर प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान झालं.

पण भरतपूरच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. तिथे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये गुरं चारायला बंदी आली. सलीम अलींचाही तिला पाठिंबा होता. पिढ्यान्‌पिढ्या तिथे म्हशी चारणारे गावकरी चिडले, संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. पुढे त्यांच्याच सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात वेगळंच समोर आलं. म्हशी चरायच्या थांबल्या तसं पाण्यात गवत माजलं आणि पक्ष्यांना मोकळं पाणी कमी पडू लागलं. म्हणजे ज्या म्हशींना बाहेर काढलं, त्याच पाणथळ राखत होत्या.

हा धडा आजही लागू पडतो. कायदा जंगल वाचवू शकतो, पण आजूबाजूच्या माणसांना वगळून केलेला कायदा जंगलालाही महागात पडतो.

१९८५ मध्ये सलीम अली राज्यसभेवर नियुक्त झाले. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यांचं निधन झालं.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस आणि १२ तारखेला सलीम अलींचा. १९३८ च्या त्या शिकारीचीही तारीख हीच होती.