आयव्हन लायन

मुलांनो, १९४२ साली दुसऱ्या महायुद्धात जपानने सिंगापूर जिंकले. पण तेथील ब्रिटिश सेनाधिकारी आयव्हन लायन यांनी हार मानली नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये ते १३ साथीदारांसह ऑस्ट्रेलियाहून निघाले. त्यांच्या जुन्या मासेमारी नौकेचे नाव होते ‘क्रेट’, म्हणजे मण्यार साप! सिंगापूरजवळ ६ जण ३ लहान होड्यांत बसले. रात्री त्यांनी शत्रूच्या जहाजांना सुरुंग लावले. सर्वजण सुखरूप परतले. जपान्यांना मात्र कैदेतील नागरिकांचा संशय आला. त्यांच्या छळामुळे १५ निरपराध माणसे मेली. १९४४ मध्ये लायन २२ जणांना घेऊन पुन्हा गेले. ते लढताना मारले गेले. त्यांच्यापैकी एकही परतला नाही. मुलांनो, या वीरांची आठवण काढाल, तेव्हा त्या निरपराधांनाही विसरू नका.